पाणी ओतू नका, राखा



‘घरचा पोहण्याचा हौद हिरवा झाला की रिकामा करून पुन्हा भरा,’ हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा सल्ला खानदेशाला परवडणारा नाही. २० फूट लांब, १० फूट रुंद आणि ४ फूट खोल हौदात सुमारे साडेबावीस हजार लिटर पाणी मावते. वाघूर धरणावर विसंबलेल्या जळगावात किंवा तापी नदी आणि नकाणे तलावाच्या भरवशावरच्या धुळ्यात ऐन मे महिन्यात एवढे पाणी गटारात सोडणे अन्यायाचे आहे. शिवाय शेवाळ भिंतींना चिकटून राहते आणि नव्या पाण्यात पुन्हा फोफावते.

खरी अडचण आपल्या उन्हाची आहे. उन्हात शेवाळ रोखणारे क्लोरीन झपाट्याने नाहीसे होते, म्हणून ते दिवेलागणीला टाकावे. क्लोरीनची पावडर बादलीभर पाण्यात सोडावी, पावडरीवर पाणी ओतू नये. आम्लाशी तर तिची गाठ कधीच पडू देऊ नये, विषारी वायू निघतो. पाण्याचा सामू (पीएच) ७.२ ते ७.६ ठेवावा, तो ८ वर गेला की क्लोरीनचा जोर निम्म्याहून कमी होतो. मुक्त क्लोरीन लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम असावे.

धुळ्याला बहिणीकडे हौदाच्या पायरीखालचा कोपरा बोटांना बुळबुळीत लागला, तेव्हा पाणी अजून नितळ दिसत होते. आम्ही तो ब्रशने घासला, क्लोरीन टाकले, रात्रभर फिल्टर चालवला. दोन दिवसांत तो पुन्हा खरखरीत लागला. हौद रिकामा करावा लागला नाही. म्हणून कळकळीने सांगतो, पाण्याचा रंग बदलण्याची वाट पाहू नका; भिंत रोज हाताने चाचपा.

– एक वाचक, जळगाव