पत्र्याचा माज

"दादा, समोरच्याचं काय व्हायचं ते होईल, आपल्या पोरांना खरचटणारसुद्धा नाही." चुलतभावाने नवी सात सीटची गाडी दारात उभी केली, बॉनेटवर थाप मारली आणि हे बोलला. पेढा माझ्या हातातच राहिला. वाक्याचा दुसरा भाग धादांत खोटा होता आणि पहिला ऐकून मला लाज वाटली.

मी मागचं दार उघडलं. कोरी करकरीत लेदरची कव्हरं. पट्ट्यांची बकलं कव्हराखाली गाडलेली. बोटं घालून चाचपलं तेव्हा एक हाताला लागलं, बाकीची नाहीच. सीटच्या कडेला असलेली एअरबॅगही त्याच कव्हराने शिवून टाकलेली. पुढे आलो, तर बकलात पट्ट्याऐवजी नुसती लोखंडी जीभ खोचलेली. "ती पट्टा न लावल्याची पीं-पीं बंद करायला असते." ही चीज विकू नका, असे आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना दिले होते. तरी ती माझ्या भावाच्या गाडीत होती, आणि त्या गाडीला तो "सेफ" म्हणत होता.

वीस लाख मोजून त्याने सुरक्षितता विकत घेतली आणि घरी येण्याआधीच ती उपटून फेकून दिली.

शोरूमवाल्यांनी हे खूळ पोसलं आहे. पत्रा ठोकून दाखवायचा, टायरची उंची दाखवायची, "रोड प्रेझेन्स" म्हणायचं आणि धडक चाचणीचा विषय निघाला की सनरूफ उघडून दाखवायचं. पत्र्याच्या जाडीवर जीव वाचत नाही. गाडीचा पुढचा भाग चुरगळायलाच हवा, कारण धडकेचा जोर तो चुरगळताना गिळतो. माणसं बसतात तो पिंजरा मात्र जागचा हलता कामा नये. हे आकाराने ठरत नाही, बांधणीने ठरतं. 2016 मध्ये धडक चाचण्या घेऊन गाड्यांना तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने ताशी 64 किलोमीटरच्या वेगाने स्कॉर्पिओ आदळून बघितली. एअरबॅग नसलेल्या त्या मॉडेलला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. गावागावात जिला रस्त्याचा राजा म्हणत, ती ही गाडी. 2021 मध्ये चार मीटरही लांबी नसलेल्या टाटा पंचने पाच तारे मिळवले. पुढे 2022 मध्ये नव्याने बांधलेल्या स्कॉर्पिओ-एनलाही पाच मिळाले. नाव तेच, दरारा तोच, बदलला तो सांगाडा आणि आतलं सुरक्षेचं सामान. आणि नुसता सांगाडाही पुरत नाही: 2014 मध्ये एअरबॅगशिवायच्या पोलोला शून्य होतं, दोन एअरबॅग बसवलेल्या पोलोला चार.

आता वजनाचं खरं ते मान्य करतो, कारण ते लपवण्यात अर्थ नाही. नऊशे किलोची गाडी आणि अठराशे किलोची गाडी, दोन्ही ताशी साठच्या वेगाने समोरासमोर आदळून एकमेकींत अडकल्या, तर हलकी गाडी जागीच थांबत नाही, उलट वीसच्या वेगाने मागे ढकलली जाते. तिच्यातल्या माणसांचा वेग क्षणात ऐंशीने बदलतो, जडवाल्यांचा चाळीसने. म्हणून ताऱ्यांची तुलनासुद्धा साधारण सारख्या वजनाच्या गाड्यांतच करायची असते. म्हणजे मोठ्या गाडीचा फायदा आहे. पण तो फायदा येतो कुठून? समोरच्याच्या बरगड्यांतून! आणि समोर माणसाऐवजी पुलाचा कठडा, वडाचं झाड किंवा दिवे बंद करून उभा असलेला कंटेनर असेल, तर तेवढाही उरत नाही. कठड्याला तुमच्या गाडीची किंमत कळत नाही.

4 सप्टेंबर 2022 ला पालघरमध्ये चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री ज्या मर्सिडीजमध्ये मागे बसले होते, ती कठड्याला धडकली. गाडी मोठी, महाग, नावाजलेली. पुढचे दोघे वाचले. मागे बसलेले दोघे गेले, आणि त्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता. त्याआधी 3 जून 2014 ला दिल्लीत केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे गेले. तेही मागच्या सीटवर, बिनपट्ट्याचे. त्यांच्या सेडानला धडकलेली इंडिका तिच्यापेक्षा लहान होती. उभा महाराष्ट्र तेव्हा रडला. पण मागच्या सीटवर पट्टा लावायला किती घरं शिकली? 2022 मध्ये देशात पट्टा न लावलेले 16,715 जण अपघातांत मेले. त्यांत 8,384 चालक आणि 8,331 प्रवासी. जवळजवळ निम्मे-निम्मे. मागे बसणाऱ्याला पट्टा लागत नाही म्हणणाऱ्यांनी हे आकडे एकदा मोठ्याने वाचावेत.

आणि तो "समोरचा". त्याच वर्षी रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. शंभरातली चव्वेचाळीस दुचाकीवरची, एकोणीसहून अधिक पायी चालणारी. म्हणजे भावाने ज्याचं "काय व्हायचं ते होईल" म्हटलं, तो बहुतेक वेळा दुसरी मोठी गाडी घेऊन येतच नाही. तो पहाटे दुधाचे कॅन लावून निघालेला असतो, सायकलवर दप्तर अडकवून शाळेत जात असतो. त्याच्यापुढे आणखी उंच, आणखी जड बॉनेट उभं करायचं, वर लोखंडी गार्ड ठोकायचा, आणि याला कुटुंबाची काळजी म्हणायचं? केंद्र सरकारने 2017 च्या डिसेंबरमध्ये हे गार्ड बंद करायला राज्यांना कळवलं. ते पायी माणसाला चिरडतात आणि धडक थेट सांगाड्यात पोचवून एअरबॅगचंही गणित बिघडवतात. तरी गॅरेजात ते आजही मिळतात, आरटीओच्या दारातून ते लावलेल्या गाड्या रोज जातात.

सरकारलाही मी सोडणार नाही. धडक चाचण्यांचं आपलं भारत एनकॅप 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झालं, पण ऐच्छिक. ज्या कंपनीला चाचणीत गाडी धाडायची नसेल तिने धाडू नये. सहा एअरबॅग सक्तीच्या करण्याचं गाजावाजा करून ठरलं आणि मग सोडून दिलं. ज्या देशात दुधाच्या पिशवीवर फॅट किती ते छापावं लागतं, तिथे गाडीच्या काचेवर तारे छापण्याची सक्ती का नाही? नापास झालेल्या गाडीवर शून्य छापा. बापाला शोरूममध्ये ते शून्य दिसू द्या.

त्या संध्याकाळी मी भावाकडून स्क्रू-ड्रायव्हर मागून घेतला. कव्हरं सोडवून बकलं वर काढायला तासभर लागला. ती लोखंडी जीभ मी खिशात घातली, परत दिली नाही. तो रागावला, वहिनी गप्प होत्या. धाकटी पुतणी मात्र पुनःपुन्हा पट्टा लावून काढून बघत बसली.

पुढच्या महिन्यात साताऱ्याला लग्न आहे. गाडीत पट्टे सात, आणि माणसं नऊ ठरली आहेत, दोन पोरं "डिकीत बसतील" म्हणून. मी भावाला फोन करून सांगितलं आहे, दोघांनी एसटीने यायचं. एक तिकीट माझं मी काढलंय, दुसरं कोणाचं ते त्याने ठरवावं.