भरतीची पोरं आणि टाचेची शीर

भल्या पहाटे पिकाला पाणी द्यायला निघालात की डांबरी सडकेवर धापा टाकत पळणारी पोरं-पोरी तुम्हाला रोज दिसतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. सैन्यभरतीतही धावणं चुकत नाही. जाहिरात आली की गावात पळापळ सुरू होते, आणि महिनाभरात त्यातलं कुणी ना कुणी लंगडत घरी बसतं. विचारलं तर म्हणतं, "टाचेमागची शीर धरलीय."

लोक शीर म्हणतात, पण ही रक्ताची शीर नव्हे. पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला बांधणारी ही शरीरातली सर्वांत जाड दोरी. डॉक्टर तिला अकिलीस टेंडन म्हणतात. धावताना तिच्यावर अंगाच्या वजनाच्या कितीतरी पट ताण येतो. रक्तपुरवठा मात्र बेताचा. त्यामुळे एकदा दुखावली की भरून यायला कित्येक महिने लागतात. तोवर भरती निघून जाते आणि पोराचं वय उलटतं.

आता तुम्हीच सांगा, नवा गोऱ्हा जुवाला लावला की पहिल्याच दिवशी त्याच्याकडून एकरभर नांगरून घेता का? मग पोटच्या पोराला हा न्याय का नाही? दोष पोराच्या अंगात नाही, घाईत आहे.

धावणं जाहिरातीची वाट न बघता तीन-चार महिने आधी सुरू करावं. दर आठवड्याला अंतर थोडंच वाढवावं. अंतर, वेग आणि चढ एकदम वाढवू नये. मध्ये विश्रांतीचे दिवस ठेवावेत. झिजलेले, सपाट तळाचे बूट टाळावेत. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहून टाचा उचलाव्यात आणि सावकाश खाली सोडाव्यात. पंधरा-पंधरा वेळा, तीनदा. पोटरी बळकट झाली की दोरीला ताण सोसतो.

सकाळी उठल्यावर पहिली पावलं टाकताना टाचेमागं आखडलं, तर तो इशारा समजा. चालल्यावर बरं वाटतं, तिथंच पोरं फसतात. धावणं लगेच कमी करावं. दुखतंय म्हणून त्या जागी स्टेरॉइडचं इंजेक्शन मारून घेऊ नये. त्यानं शीर तुटण्याचा धोका असतो. सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या गोळ्यांनीही ही शीर कमजोर होऊ शकते, म्हणून त्या मनानं घेऊ नयेत. पळताना मागून काठी बसल्यागत वाटून चवड्यावर उभं राहता येईना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

सरपंच आणि भाऊसाहेब, आता तुमचा वाटा. सडकेच्या कडेला उतार, खड्डे, त्यात अंधारात उसाचे ट्रॅक्टर. तिथं पोरं हौसेनं पळत नाहीत, दुसरी जागा नाही म्हणून पळतात. शाळेचं मैदान सपाट करून रोलर फिरवा, दोन दिवे लावा. दोनशे मीटरचा फेरा बसला तरी आठ फेऱ्यांत १६०० मीटर होतात. फक्त फेऱ्यांची दिशा आलटून पालटून ठेवायला सांगा. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्याच. कमानीला पैसा निघतो, मग मैदानाला का निघू नये?

कासरा तुटला तर गाठ मारून भागतं. टाचेच्या दोरीचं तसं भागत नाही.