प्लास्टिकच्या विटेचा हिशेब

मराठवाड्यात घराचे सामान गावाबाहेरून आणण्याची रीत फार जुनी नाही. पांढरीची माती, नदीकाठचा दगड, बांधावरचे लाकूड आणि वर मातीचे माळवद, एवढ्यावर पिढ्या राहिल्या. सिमेंट आणि पत्रे आले, तसे घर बांधणे बाजारावर अवलंबून झाले. आता एक कल्पना पुढे येते आहे आणि ती ऐकताक्षणी मनाला पटते. गाव जे प्लास्टिक रोज उकिरड्यावर फेकते, त्याच्याच विटा, फरशा आणि रस्ते का करू नयेत? कच्चा माल फुकट, गाव स्वच्छ, चार हातांना काम. हिशेब सरळ दिसतो. पण बँकेच्या कर्जविभागात वर्षे काढलेल्या माणसाला सरळ दिसणारा हिशेब पुन्हा एकदा तपासण्याची खोड असते.

आधी कचराच पाहू. हिंगोली जिल्ह्यात दुधाच्या पिशव्या आणि बिस्किटांची वेष्टणे आहेतच. शिवाय खताच्या रिकाम्या गोण्या, ठिबकच्या जुन्या नळ्या, मल्चिंगचा फाटका कागद आणि फवारणीच्या बाटल्या आहेत. औंढा नागनाथाला महाशिवरात्रीची गर्दी होते, नर्सी नामदेवला वारकरी येतात, हिंगोलीत दसऱ्याचे प्रदर्शन भरते. माणसे घरी परततात, पाण्याच्या बाटल्या आणि चहाचे कप मागे राहतात. पुढे त्यांचे काय होते ते आपण सारे जाणतो. काही कयाधूच्या पात्रात जाते, काही गाईच्या पोटात आणि उरलेले संध्याकाळी घरामागे पेटवले जाते. त्या धुराजवळ बहुधा घरातली म्हातारी माणसे आणि लहान मुले असतात.

या प्लास्टिकचे बांधकामाचे साहित्य होऊ शकते, यात शंका नाही. आफ्रिकेतील आयव्हरी कोस्टमध्ये युनिसेफने कोलंबियातील एका उद्योगाला हाताशी धरून प्लास्टिकच्या विटांच्या शाळाखोल्या उभ्या केल्या. केनियात न्झांबी माटे या तरुणीने प्लास्टिक आणि वाळू यांच्या दाबून केलेल्या फरशा बाजारात आणल्या; २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने तिचा गौरव केला. मग आपल्याकडे घरकुलाच्या भिंतीही अशाच का उभारू नयेत?

येथे जरा थांबले पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाडा विसरलेला नाही. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली, ती जड दगडमातीच्या भिंती आणि माळवदे अंगावर कोसळल्यामुळे. हिंगोलीकरांना तर जमिनीची कुरबुर अधूनमधून ऐकू येते. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे आणि परिसर भूगर्भातल्या आवाजांसाठी ठाऊक झाला आहे. २०२४ मध्ये २१ मार्चला आणि पुन्हा १० जुलैला ४.५ तीव्रतेचे धक्के जिल्ह्याने अनुभवले. अशा ठिकाणी भिंतीचे नवे साहित्य वापरायचे तर ते भार किती सोसते, हादऱ्यात कसे वागते, उन्हात आणि आगीत त्याचे काय होते, हे प्रयोगशाळेत सिद्ध झालेले हवे. प्लास्टिक शेवटी जळणारी वस्तू आहे. गावठी भट्टीत, उघड्या कढईत ते वितळवून विटा पाडणे तर धोक्याचेच. त्यात पीव्हीसीचे तुकडे आले की विषारी वायू निघतात. तेव्हा आज तरी प्लास्टिकची जागा माणसाच्या डोक्यावर नव्हे, पायाखाली आहे, असे मला वाटते. रस्ता, अंगणातली फरशी, बसायचा बाक, झाडाभोवतीचा कट्टा एवढे काम त्याला पुष्कळ आहे.

रस्त्याचे तंत्र तर आपल्याच देशातले. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रा. राजगोपालन वासुदेवन यांनी ते विकसित केले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. रीत साधी आहे. खडी सुमारे १६० ते १७० अंशांपर्यंत तापवायची, तिच्यावर प्लास्टिकचे बारीक तुकडे टाकायचे, खडीला प्लास्टिकचा पातळ लेप बसला की डांबर मिसळायचे. त्या लेपामुळे खडी आणि डांबर घट्ट धरून राहतात, पाणी आत शिरत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१३ मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. डांबराच्या वजनाच्या सहा ते आठ टक्के प्लास्टिक त्यात चालते, पीव्हीसी मात्र चालत नाही. ढोबळ मानाने एकपदरी रस्त्याच्या एका किलोमीटरला एक टन प्लास्टिक लागते.

आता त्रैराशिक मांडू. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे पावणेबारा लाख होती. माणशी रोज फक्त १० ग्रॅम प्लास्टिक धरले, तरी दिवसाला पावणेबारा टन होते. त्यातला दहावा हिस्सा जरी स्वच्छ आणि कोरडा हाती आला, तरी रोज एक किलोमीटर रस्त्याला पुरेल. पैशांचेही पाहा. स्वच्छ भारत अभियानाच्या २०२० मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण दुसऱ्या टप्प्यात तालुक्यामागे प्लास्टिक प्रक्रिया केंद्रासाठी १६ लाख रुपयांपर्यंत तरतूद झाली. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा या पाच तालुक्यांचे ८० लाख होतात. मग घोडे अडते कोठे?

ते अडते 'स्वच्छ आणि कोरडा' या दोन शब्दांपाशी. कोणत्याही कारखान्याच्या कर्जाचा अर्ज आला की अधिकारी पहिला प्रश्न विचारतो तो यंत्राचा नसतो. कच्चा माल वर्षभर, एकाच प्रतीचा आणि ठरल्या भावात मिळेल का, हे तो विचारतो. हिंगोली-वसमतच्या हळदबाजाराला हे शिकवावे लागत नाही. हळकुंडे आणि गड्डे वेगळे केल्याशिवाय, वाळल्याशिवाय मालाला भाव लागत नाही. शिळ्या भाजीत लडबडलेल्या पिशवीचेही तेच आहे. ती धुऊन, वाळवून, निवडून घ्यायची तर मजुरीच विटेपेक्षा महाग पडते. फुकट वाटणारा कच्चा माल असा सर्वांत महाग ठरतो.

सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्याने हे कोडे सोडवून दाखवले. जेमतेम बारा हजार वस्तीचे हे गाव. तेथील नगरपरिषदेने, रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना, घरातच कचरा वेगळा करून घेण्याचा आग्रह धरला. वेगळे केलेले प्लास्टिक बारीक करून रस्त्याच्या डांबरात वापरले आणि कचऱ्याचा डेपो बाहेरगावची माणसे पाहायला येतील असा झाला. यंत्र तेथेही होते. पण यंत्राच्या आधी घरोघरची शिस्त होती.

आणि निवडणारे हातही हवेत. हे काम गरीब बायका पूर्वीपासून करत आल्या आहेत, पाठीवर पोते घेऊन, कुत्र्यांची भुंकणी आणि लोकांची बोलणी सोसत. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, डॉ. बाबा आढाव यांचे पाठबळ तिला मिळाले आणि या बायकांना ओळखपत्र, संघटना आणि मान मिळाला. हिंगोलीतल्या केंद्रांवर बचत गटांच्या महिला काम करणार असतील तर त्यांचा मेहनताना, हातमोजे आणि फवारणीच्या बाटल्या वेगळ्या ठेवण्याची व्यवस्था हे प्रकल्प अहवालाच्या पहिल्या पानावर असावे. विटेचा भाव काढताना या बायकांची मजुरीच कापली, तर ती वीट स्वस्त म्हणता येणार नाही.

एक धोका आणखी आहे. रस्ता होतोच आहे, तर वापरा पिशव्या खुशाल, असा अर्थ लोक काढतील. महाराष्ट्राने २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आणली. १ जुलै २०२२ पासून केंद्रानेही एकदाच वापरायच्या कितीतरी वस्तूंवर बंदी घातली. ती बंदी भाजीबाजारात किती पाळली जाते, हे आपल्या हातातली पिशवीच सांगते. वीट हा उरलेल्या कचऱ्यावरचा उपाय आहे, कचरा करण्याचा परवाना नव्हे.

म्हणून सुरुवात कारखान्यापासून नको. येत्या सोमवारपासून स्वयंपाकघरात दुसरी एक पिशवी टांगावी. दुधाची रिकामी पिशवी विसळून, वाळवून तिच्यात टाकावी. हे काम घरातल्या एकट्या बाईवर न ढकलता मुलांनी आणि पुरुषांनीही करावे. महिन्याने ती पिशवी घेऊन ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला विचारावे : आमचे प्लास्टिक तयार आहे, तुमचा रस्ता कोठे आहे?