चित्रं काढून पोट भरतं का?



या आठवड्याच्या टपालात म्हसावदहून एक पत्र आलं. म्हसावद हे नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यातलं गाव. पत्र लिहिणारा सातवीत आहे. ‘नाव छापू नका’ असं त्यानं बजावलंय. तो लिहितो, ‘मला चित्रकथा काढायला आवडतं. गणिताच्या वहीची मागची पानं चित्रांनी भरली म्हणून बाबा रागावले. म्हणाले, चित्रं काढून कुणाचं पोट भरतं का? तुम्हीच सांगा.’

सांगतो. पण आधी एका चित्रकाराची ओळख करून घे. त्यांचं नाव राम वाईरकर. नाव ऐकलं नसशील कदाचित, पण त्यांची चित्रं तू किंवा तुझ्या बाबांनी नक्की पाहिली असतील.

अनंत पै यांनी 1967 साली ‘अमर चित्र कथा’ सुरू केली. पहिले दहा अंक परदेशी परीकथांचे होते. अकरावा अंक आपल्याकडच्या गोष्टीचा, ‘कृष्ण’. गोष्ट लिहिली पैंनी आणि चित्रं काढली वाईरकरांनी.

आता थोडं गणित करू, तुझ्या त्याच वहीत! गोष्ट तीस पानांची आणि एका पानावर पाच चौकटी धरल्या, तर चित्रं किती? दीडशे! त्यांत कृष्ण रांगता असो की मोठा झालेला, समोरून दिसो की पाठमोरा, ‘हा तोच’ हे वाचणाऱ्याला चटकन कळलं पाहिजे. शिवाय कोण काय बोलणार हे बघून, बोलण्याचा फुगा मावेल एवढी जागा आधीच सोडावी लागते. नाहीतर फुगा नेमका कुणाच्या तरी नाकावर!

पुढे 1980 मध्ये ‘टिंकल’ निघालं आणि 1983 मध्ये त्यात सुप्पांडी आला. मालक सांगणार एक, हा करणार भलतंच! नोकरी गेलीच म्हणून समजा. पण आपलं काही चुकलंय, हे त्याच्या गावीही नसतं. निमुळत्या डोक्याचा हा भोळा गडीसुद्धा वाईरकरांच्याच हातचा. ज्या हातानं देखणा कृष्ण काढला, त्याच हातानं हा वेंधळा काढला. आहे की नाही गंमत? 2003 मध्ये वाईरकर गेले. पुढे त्यांची मुलगी अर्चना आंबेरकर सुप्पांडी काढू लागल्या.

तर पोट भरतं का? भरतं. पण बाबांची काळजीही खोटी नाही. चित्रं काढणाऱ्या प्रत्येकालाच असं काम मिळत नाही. ज्यांना मिळतं, त्यांनाही मन लागो न लागो, ठरल्या दिवशी पानं पुरी करून द्यावी लागतात. एकच चेहरा शंभरदा काढायचा कंटाळा येतो की नाही, ते तू आत्ताच बघून घे.

त्यासाठी एक काम देतो. आजीकडून एक गोष्ट ऐक. ती अहिराणीत सांगो की पावरीत, तिचे शब्द तसेच राहू देत. मग कोऱ्या कागदावर सहा चौकटी आख आणि सगळी गोष्ट त्यांत बसव. राजा, राजवाडाच हवा असं नाही. केळीची बाग, एस.टी. स्टँड, बाजारात अडून बसलेला बैलसुद्धा चालेल. चित्रं झाली की फुगे झाकून धाकट्या भावंडाला दाखव. नुसत्या चित्रांवरून त्याला गोष्ट कळली, तर जमलं. नाही कळली, तर कुठल्या चौकटीत तो अडखळला ते विचार आणि ती पुन्हा काढ.

शाळेतल्या चित्रकलेच्या सरांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांबद्दलही विचार. हात पक्का करायला त्यांची तयारी फार उपयोगी पडते.

आणि बाबा, तुम्हालाही एक विनंती. पुढच्या बाजाराला त्याच्यासाठी एक कोरी वही आणा. सहा चौकटींची गोष्ट झाली की सर्वांत आधी तुम्ही वाचा, मग काय ते ठरवा.

गणिताची वही मात्र, बाळा, गणितालाच राहू दे हं!