दहावीच्या घरासाठी

बोरीवलीतल्या ज्या घरात यंदा दहावी आहे, त्यांनी हॉल तिकीट हाती येताच मुलाचं नाव, आईचं नाव, विषय, माध्यम डोळ्यांत तेल घालून तपासावं. मुख्याध्यापकांचा सही-शिक्काही पाहावा. चूक दिसली तर त्याच दिवशी शाळा गाठा. सकाळचा पेपर अकराचा, पण साडेदहाला मूल केंद्रावर हवं. म्हणून एकदा कामाच्या दिवशी, त्याच वेळी केंद्रापर्यंत जाऊन या, एस. व्ही. रोडची गर्दी रविवारी कळत नाही. २०२३पासून जादा दहा मिनिटं शेवटी मिळतात, हे मुलांना आवर्जून सांगा. आणि अकरावीसाठी जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर लागणार असेल तर अर्ज आत्ताच करा. निकालानंतर त्यासाठी धावाधाव करायची पाळी एकाही मुलावर येऊ नये.