घरी आलेल्या हाताची जबाबदारी कोणाची?

इंदापूर तालुक्यातील एखाद्या वाडीत कोणाच्या ‘अंगावरून वारे गेले’, की पुढचा क्रम आता बहुतेकांना पाठ झाला आहे. मिळेल त्या वाहनाने भिगवण किंवा इंदापूर गाठावयाचे, तेथून बारामती, नाहीतर पुणे. रोग्याचा जीव वाचतो, काही दिवसांनी तो घरी येतो, पुढे काठी टेकत अंगणात फिरू लागतो आणि घरचे लोक सुटकेचा निःश्वास टाकतात. उजवा हात मात्र मांडीवर पडून असतो. ज्या हाताने आयुष्यभर उसाला दारे धरली, गाईची धार काढली, तो गेला तो गेलाच, असे सर्वांनी मनोमन मान्य केलेले असते.

ही मान्यता घाईची आहे. पक्षाघातात बिघाड होतो तो मेंदूत, स्नायूंत नव्हे. मेंदूची पुन्हा शिकण्याची शक्ती पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असते आणि ती वापरूनच वाढते. चालावयाचे तर दोन्ही पाय लागतात, म्हणून दुबळ्या पायाला काम पडतेच. हाताचे तसे नाही. एका हातावरही दिवस निभावतो. त्यात घरची माणसे मायेने घास भरवतात, सदऱ्याच्या गुंड्या लावतात. दुबळ्या हाताला काम उरत नाही आणि काम नाही म्हणून तो अधिकच दुबळा होतो. रोग्याला उठवताना त्याच हाताला धरून ओढले, की खांदा दुखावतो. मग तो हात कोणी हलवूही देत नाही. तात्पर्य, हाताचे भवितव्य बऱ्याच अंशी रुग्णालयात नव्हे, तर घराच्या ओसरीवर ठरते. आणि नेमकी तेथेच आपली आरोग्यव्यवस्था गैरहजर असते.

हा प्रश्न मूठभरांचा आहे, असे कोणी समजू नये. गडचिरोलीतील ‘सर्च’ या संस्थेने 2011 ते 2013 या काळात 86 गावांतील मृत्यूंचा मागोवा घेतला, तेव्हा दर सातांपैकी सुमारे एक मृत्यू पक्षाघाताने झाल्याचे आढळले. पुणे जिल्हा म्हणजे गडचिरोली नव्हे, हे खरे. परंतु रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू यांना जिल्ह्याची सीमा ठाऊक नाही. शिवाय दुधाच्या धंद्याबरोबर गोठ्यात आलेल्या कडबाकुट्टीत सापडलेले हात आहेत, ते वेगळेच.

हाताला पुन्हा कामास लावण्याची विद्या आपल्याला परकी नाही. कमलाबाई निंबकर यांनी 1950 साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले. त्यांच्या नावाची शाळा बारामतीशेजारच्या फलटणला आजही चालू आहे. 1955 साली हाजी अलीला पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. इतकी वर्षे लोटली, तरी ही विद्या मुख्यतः शहरांतच राहिली. 2019 पासून बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण बावड्याच्या किंवा निमगाव केतकीच्या रोग्याने दर आठवड्याला तेथे यावे, म्हणजे बरोबर येणाऱ्या मुलाची त्या दिवसाची मजुरी बुडाली.

यावर कोणी म्हणेल, व्यायाम घरच्यांनाच शिकवून टाका. हा प्रयोग आपल्या देशात होऊन गेला आहे. 14 रुग्णालयांतील 1250 रोग्यांपैकी सुमारे निम्म्यांच्या कुटुंबीयांना व्यायाम शिकवून घरी काय फरक पडतो, हे पाहण्यात आले. 2017 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: सहा महिन्यांनंतर मृत्यू वा परावलंबन यांत कोणताही लाभ दिसला नाही. यावरून घरचा उपचार व्यर्थ ठरत नाही. परंतु कुटुंबाला शिकवून आपण मोकळे झालो, असे समजण्याची सोय मात्र उरत नाही. माया पुष्कळ असते. ती योग्य दिशेने चालली आहे की नाही, हे पाहणारा जाणकार लागतो आणि फरक पडतो आहे की नाही, हे सांगणारे मोजमाप लागते.

हे मोजमाप अवघड नाही. मधोमध फळी असलेल्या पेटीत एका मिनिटात किती लाकडी ठोकळे फळीपलीकडे टाकता येतात, ही जगभर वापरली जाणारी चाचणी आहे. अशी पेटी गावचा सुतारही मापाबरहुकूम करून देईल. ज्याची बोटे हलतच नाहीत, त्याच्या खांद्याचे दुखणे आणि मूठ किती उघडते, याची नोंद व्हावी. ‘आशा’ ताईंनी ही नोंद पंधरा दिवसांनी घरी जाऊन कार्डावर करावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात ठरलेल्या वारी फिजिओथेरपिस्ट वा व्यवसायोपचारतज्ज्ञ यावा. कार्डावरचा आकडा अडला असेल, त्या घरी त्याने स्वतः जावे आणि व्यायाम बदलून द्यावा. मोबाइलवरील चित्रसंवादाने त्याचे हेलपाटे कमी होतील. परंतु पडद्यावरून खांदा चाचपता येत नाही.

‘आशां’वर आधीच कामांचा बोजा आहे, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच या कामाचे वेगळे मानधन हवे. सेवाभावाच्या नावाखाली ते फुकट करून घेणे अन्यायाचे होईल. गावातील शिकवून तयार केलेली स्त्री घरी जाऊन नवजात बालकाचे प्राण वाचवू शकते, हे गडचिरोलीने दाखवून दिले आणि पुढे देशाने ती पद्धत स्वीकारली. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत महाविद्यालय आहे, उपजिल्हा रुग्णालये आहेत, सहकारी साखर कारखाने आहेत. एका वर्षाचा प्रामाणिक प्रयोग येथे झाला नाही, तर तो कोठे व्हावा? त्याचे आकडे प्रतिकूल आले, तर तेही जाहीर करावेत.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर आणि स्थानिक संस्थांवर टाकली आहे. मांडीवर पडून राहिलेला हात चाळीस टक्के निकामी आहे की साठ, याचा दाखला देण्यास आपली यंत्रणा तयार असते. तो दाखला घेण्याची पाळी येण्यापूर्वी तिने एकदा त्या घराची पायरी चढावी, एवढेच मागणे आहे.