तंजावरला फक्त पाऊण तास?

सुट्ट्या आल्या, चौकात 'दक्षिण दर्शन'चे बॅनर लागले. मी तीन टूरवाल्यांची पत्रकं समोर ठेवून बघितली. मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी आणि वाटेत तंजावर, पाऊण तास! तोही भर दुपारी, जेव्हा तिकडच्या देवळांचे गाभारे चार वाजेपर्यंत बंद असतात. हे टूरवाल्यांना माहीत नसतं, असं मला कुणी सांगू नये.

राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पूर्ण केलेल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास कोरून घेतलाय. मराठीत! शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे, त्यांची ही गादी. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे आहेत. आणि जयंतीला डीजे लावणारे आपण त्या भिंतीपाशी न जाताच नंदीसमोर सेल्फी काढून बसमध्ये बसतो. साडीच्या दुकानात मात्र दोन तास (कमिशन, दुसरं काय).

म्हातारी माणसं पै-पै साठवून आयुष्यात एकदाच जातात हो तिकडे. बुकिंग करताना सरळ विचारा, तंजावरला मुक्काम आहे का? नसेल तर अ‍ॅडव्हान्स देऊ नका.